आत्तीचा जबाब

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. तो कोणी वाचत नाही. आपलं नाव आहे ना, क्षेत्र बरोबर आहे ना, एवढं बघायचं आणि उतारा घडी करून खिशात टाकायचा. आमच्या आबांनीही सतरा-अठरा वर्षं तेच केलं. त्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही जमीन नवीन आणि अविभाज्य शर्तीची असून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता, गहाण टाकता, बक्षीस देता किंवा वाटून देता येणार नाही. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. त्यातल्या कविता आता आठवत नाहीत, पण ही ओळ मेली डोक्यातून जात नाही.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, तेव्हा सरकारनं त्यांना उंब्रजच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी सव्वादोन एकर पड जमीन दिली. जमीन आपली म्हणायची. दगडगोटे आणि कुसळाचं गवत, याशिवाय तिथं काही नव्हतं. आबांनी कागद घेतला, साहेबाला सलाम ठोकला आणि महिन्याभरात सांगलीजवळच्या एका गिरणीत पहारेकऱ्याची नोकरी धरली. पेन्शन चहापाण्यापुरती होती आणि आम्ही दोन पोरं शिकायची होतो. मी आणि माझा थोरला भाऊ. आई मी पाच वर्षांची असतानाच गेली होती.

आम्हाला वाढवलं आत्तीनं. ती आबांची थोरली बहीण. तासगावकडं दिली होती, पण नवरा लवकर वारला आणि मूलबाळ नव्हतं. दिरांनी, चार महिने माहेरी राहून या, असं गोड बोलून तिला एका ट्रंकेसकट एस.टी.त बसवून दिलं. न्यायला कधीच कोणी आलं नाही. ती चार महिने वाट बघत होती म्हणे. पाचव्या महिन्यात तिनं ट्रंक उघडली, लुगडी दांडीवर टाकली आणि भावाच्या माळावर दगड वेचायला गेली.

ते दगड वेचणं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. शाळा सुटली की आम्ही तिकडंच जायचो. पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. वेचलेले दगड उताराला आडवे रचून ती ताली घालायची, म्हणजे पावसात माती वाहून जाऊ नये. एक ताल तर दोन उन्हाळे चालली. पहिल्या वर्षी तिनं हुलगा टाकला, तो गुरांनी खाल्ला. तिसऱ्या वर्षी भुईमूग आला. सातव्या-आठव्या वर्षी तिथं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, असा उभा राहिला, की खालच्या बागायतीतली माणसं बांधावर येऊन बघून गेली. आबा दिवाळीला चार दिवस रजेवर यायचे, तालीवर बसून बिडी ओढायचे आणि म्हणायचे, “आक्के, ही काय माझी जमीन न्हवं.”

“मग काय माझी हाय व्हय?” आत्ती म्हणायची.

हे बोलणं दरवर्षी व्हायचं, आणि दरवर्षी तिथंच थांबायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आबांनी गिरणीतली नोकरी सोडली. गुडघे गेले होते. मी तोवर सांगलीत शिक्षिका झाले होते, बिऱ्हाड विश्रामबागेत होतं. भाऊ फौजेत, वरती बर्फात कुठंतरी. आबा गावी आले आणि आल्या आल्या त्यांनी ठरवलं, की जमीन आत्तीच्या नावावर करायची. कारण सरळ होतं. एकदा सासरच्यांनी उठवलेली बाई, दुसऱ्यांदा तिला कुणी उठवू नये. “म्या डोळं मिटलं तर तू हायस, तुझा भाऊ हाय,” ते मला म्हणाले. “तुमी चांगलीच हायसा. पर उद्या सून यील, जावई यील, त्यांची काय ग्वाही देतीस? तिच्या नावाचा उतारा तिच्या ट्रंकेत पडला, की मी मोकळा झालो.”

भावाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर महिन्यानं आलं, दोन ओळींचं. आत्तीला द्या, माझी ना नाही, उलट उशीर झाला. माझीही ना नव्हती. घरात भांडण नाही, हिस्सा मागणारा भाऊबंद नाही, सगळी राजी. मला वाटलं, दोन-तीन हेलपाट्यांत काम होईल. मी रजेचा अर्ज सुद्धा दोनच दिवसांचा टाकला होता.

तलाठ्यानं उतारा हातात घेतला, ‘इतर हक्क’वर बोट ठेवलं आणि आबांना वाचायला लावलं. आबांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

“म्हंजे माझी जमीन मला देता येत न्हाई?”

“देता येते की. परवानगी घ्या आणि द्या.”

“आनि मृत्युपत्र केलं तर?”

“करून ठेवा. पण ती वारसात बसत नाही, तेव्हा ते सुद्धा हस्तांतरच धरतील. नोंद अडकंल.” तलाठी भला माणूस होता. हे सगळं त्यानं चहा पाजून सांगितलं.

मला आता कळतं, की त्या शर्तीमागं काही वाईट हेतू नव्हता. गरिबाला, जवानाला दिलेली जमीन एखाद्या बड्या माणसानं दारू पाजून लिहून घेऊ नये, म्हणून ती घातली होती. अशा लाटलेल्या जमिनी मी पुढं बघितल्या. पण तेव्हा मला त्या शर्तीचा असा संताप आला होता, की सांगून सोय नाही. आमच्याकडं ना बडा माणूस होता, ना दारू होती. एक म्हातारा होता, त्याला आपल्या म्हाताऱ्या बहिणीला माळ द्यायचा होता.

तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे. पाच-सहा जण, प्रत्येकापुढं उतरती पेटी, शाईची दौत. त्यांना कशात काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे नेमकं ठाऊक असायचं. मी म्हटलं, आबा, यांच्याकडून लिहून घेऊ. आबांना ते पटलं नाही. त्यांच्या मते वरच्या साहेबाला द्यायचा रिपोर्ट दुसऱ्याकडून लिहून घेणं म्हणजे हलगर्जीपणा. पलटणीत रिपोर्ट कसा द्यायचा, हे त्यांना शिकवलेलं होतं. क्रमांक घालून, काही न लपवता, काही न वाढवता. त्यांनी घरी बसून दोन दिवस अर्ज लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला.

मुद्दा क्रमांक एक, माझा पलटणीतला नंबर आणि नोकरी. क्रमांक दोन, जमीन कधी आणि कशी मिळाली. क्रमांक तीन मोठा होता. सदर जमीन मिळाल्यापासून मी एकही दिवस कसलेली नाही, कारण मी सांगली येथे नोकरीस होतो. सदर जमीन माझी विधवा बहीण हिने एकटीने फोडली. अकरा ताली तिने स्वतःच्या हाताने घातल्या. बी तिने आणले, पेरणी तिने केली, राखण तिने केली, पीक तिने काढले. त्या पिकावर तिने माझी दोन मुले वाढवली. सबब सदर जमिनीवर नैतिक हक्क तिचा असून ती तिला बक्षीस देण्यास हुकूम व्हावा.

आत्ती चुलीपुढं बसली होती. तिनं अर्ज ऐकताना भाकरी थापायची थांबवली होती. तिच्या राबण्याबद्दल इतकं कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं, आम्ही सुद्धा नाही. आबांचं वाचून झालं तेव्हा तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाली, “अकरा न्हाईत, बारा हायत. खालची पावसात ढासळली तवा पुन्यांदा घातली न्हवं का.”

आबांनी अकरावर रेघ मारून बारा केलं. ती खाडाखोड झालेली जागा त्यांनी सही करून दाखवली. अर्ज गेला.

मग सुरू झालं ते खेटे घालणं. सांगलीहून कराडची गाडी, तिथून तालुक्याची कचेरी, तिथून कधी जिल्ह्याची. अर्ज वरून खाली आला होता, खालून वर जायचा होता. साहेब दौऱ्यावर आहेत. साहेब बदलून गेले. नवे साहेब अजून हजर झाले नाहीत. अहवाल मागवलाय. अहवाल आलाय, पण नकाशा नाही. आबा प्रत्येक खेपेला खाकी कोट घालून, छातीवर फीत लावून यायचे आणि बाकावर ताठ बसून राहायचे. मी शेजारी वह्या तपासत बसायचे. पाचवीच्या वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे मी त्या बाकावर तपासले. कुणी आमच्याशी वाईट वागलं नाही. कुणी पैसे मागितले नाहीत. तसं काही झालं असतं तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं. दीड वर्ष भिजत घोंगडं पडलं, आणि मी इतकी कंटाळले, की एस.टी.चा फलक दिसला तरी डोकं धरायचं.

दीड वर्षानं कागद आला. आबांनी तो उभ्यानं वाचला, मग खाली बसून वाचला, मग माझ्या हातात दिला. परवानगीचं त्यात अक्षर नव्हतं. ती नोटीस होती. जमीन देताना ती स्वतः कसण्याची अट होती. आपण ती एकही दिवस कसली नसल्याचे आपल्याच अर्जातील मुद्दा क्रमांक तीनवरून दिसते. शर्तभंग झाला असल्याने सदर जमीन सरकारजमा का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

“म्या काय खोटं लिवलं?” आबांनी विचारलं. आपलं चुकलं कुठं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मला त्यांचा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. पाच रुपये टाकून लिंबाखालच्या माणसाकडून अर्ज घेतला असता, तर त्यानं तिसरा मुद्दा लिहिलाच नसता.

आम्ही दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. तिथले अव्वल कारकून, पिकलेल्या मिशांचे, एव्हाना ओळखीचे झाले होते. त्यांनी नोटीस बघितली, अर्ज बघितला आणि कपाळाला हात लावला.

“हवालदारसाहेब, अर्जात इतकं खरं लिहितात का हो कुणी?”

“बहीण घरातलीच ना,” मी म्हटलं. “घरच्या माणसानं कसली, तर ती स्वतःच कसली असं होत नाही का?”

“लग्न होऊन गेलेली बहीण कुटुंबात धरत नाहीत, बाई. नवऱ्याच्या घरची धरतात. मग नवरा असो नसो.” त्यांनी फाईल मिटली, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “एक वाट आहे. मालकाच्या देखरेखीखाली मजुरीनं काम करून घेतलं, तर ते स्वतः कसल्यासारखंच असतं. त्या तुमच्याकडं रोजानं कामाला होत्या, असा त्यांचा जबाब द्या. रोख मजुरी मिळत होती, जमिनीत हक्क नाही, संबंध नाही. सर्कलसाहेब बुधवारी चावडीत आहेत. जमीन वाचंल.”

“आनि मग तिच्या नावावर करायचा अर्ज?” आबांनी विचारलं.

“तो आधी मागं घ्या.”

घराजवळ आल्यावर आबा म्हणाले, “तूच सांग तिला. माझ्यानं हुनार न्हाई.” आणि देवळाकडं निघून गेले. लढाईवर जाऊन आलेला माणूस, बहिणीसमोर जायला कचरला. मी मनातल्या मनात त्यांना खूप बोलले. मग आत गेले.

आत्ती पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. बियाण्याच्या. एक-एक दाणा निवडून बाजूला टाकत होती. मी तिच्यापुढं बसले, दोन शेंगा हातात घेतल्या आणि सगळं सांगितलं. नोटीस काय, वाट काय, जबाबात काय म्हणावं लागेल. सांगताना माझी नजर शेंगांवरच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे असं म्हनलं की जमीन ऱ्हाईल?”

“राहील.”

“आबाच्या नावावर?”

“व्हय.”

“मग चला की. बुधवारी न्हवं? त्या दिशी भांगलायला बायका सांगितल्यात, त्यास्नी न्हाई म्हनाया पायजे.”

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भडकेल. आत्तीचं तोंड काही साधंसुधं नव्हतं, गावात लोक तिला टरकून असत. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. शेंगा फोडत राहिली. मलाच तिथं बसवेना.

बुधवारी चावडीत सर्कलसाहेब, म्हणजे तलाठ्याचे वरचे अधिकारी, एकटेच होते. लिहिणारा माणूस आला नव्हता. तुम्ही शिक्षिका ना, असं म्हणून त्यांनी कागद आणि टाक माझ्याकडं सरकवला. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. हात दुखतोय म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण सकाळची गाडी पकडून आले होते, दुपारची गाडी पकडून जायचं होतं, आणि मला ते सगळं एकदाचं उरकायचं होतं. मी लिहिलं.

साहेब विचारायचे, आत्ती उत्तर द्यायची, मी ते पुस्तकी भाषेत उतरवायचे. मी सदर इसमाची बहीण असून मोलमजुरी करते. सदर जमिनीत मी मालकाच्या सांगण्यावरून रोजाने कामास जात होते. ताली मालकाने मजूर लावून घातल्या, त्यात मीही एक मजूर होते. बी-बियाणे मालकाचे. पीक मालकाचे. मला माझी मजुरी वेळच्या वेळी मिळाली, बाकी काही नाही.

“रोज काय मिळायचा?” साहेबांनी विचारलं.

हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आबा भिंतीकडं बघत होते. मी टाक धरून थांबले.

“बाकीच्या बायांस्नी द्येतात त्यापरीस चार आनं कमी,” आत्ती म्हणाली. “भनीचं नातं म्हनून कमी घ्यायची म्या. तसं लिव.”

मी तसं लिहिलं. सदर जमिनीशी माझा मजुरीखेरीज कसलाही संबंध नाही व नव्हता. साहेब म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. वाचताना दोनदा अडखळले. आत्तीनं विचारलं, “कुटं लावू?” आणि अंगठा लावला. शाई पुसायला चिंधी नव्हती, तिनं तो लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसला.

पुढं सगळं पटापट झालं. अर्ज मागं घेतला, खुलासा मान्य झाला, नोटीस निकालात निघाली. जमीन वाचली. पिकलेल्या मिशांच्या त्या कारकुनांनी आबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

आत्ती दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा रानात जायला लागली. फक्त निघताना ती उंबऱ्यात थांबायची आणि आबांना विचारायची, “मालक, आज काय करायचं?”

पहिल्या दिवशी आबा हसले. ती पण हसली. आठ दिवसांनी कोणी हसत नव्हतं. आज भांगलू का, मालक? वरल्या तालीचं दगड निखळल्यात, लावू का, मालक? जेवणाच्या सुट्टीला ती भांगलणाऱ्या बायकांबरोबर बांधावर बसून भाकरी खायची, घरी आबांचं ताट वेगळं वाढायची. मी सुट्टीत गेले होते तेव्हा एकदा आबांनी ताटावरून हात उचलला.

“आक्के, बास कर आता. माझं चुकलं, शंभरदा चुकलं. जोडा हान मला, पर मालक म्हनू नगो.”

“म्या कशाला जोडा हानू?” ती शांतपणे म्हणाली. “आरं, जबाब दिलाय म्या. कवा कोन यील आनि इचारंल, सांगता येतं व्हय? एकांदा शबुद इकडचा तिकडं झाला की जमीन गेली. जिभंला सवय असल्याली बरी.”

टोमणा होता, की खरंच भीती होती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही. दोन्ही असावं. आबा त्यानंतर गुडघे बांधून स्वतः रानात जायला लागले. खुरपं धरता येत नव्हतं त्यांना. तालीवर बसून राहायचे, पण जायचे. मालक देखरेख करतोय असं दिसावं म्हणून.

ते गेले ते त्याच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात. चार दिवस ताप आला आणि गेले. भावाला तार पोचली, तो दहाव्याला आला. दिवस घालून झाले आणि तलाठी वारसाच्या नोंदीसाठी स्वतःच घरी आला. वारसाला परवानगी लागत नाही. शर्त तशीच राहते, नाव तेवढं बदलतं. जिवंत माणसाला दोन वर्षं धडपडून जी जमीन हलवता आली नाही, ती तो मेल्यावर महिन्याभरात हलली. माझ्या आणि भावाच्या नावावर. मी तलाठ्याला आत्तीचं नाव घालायला सांगितलं. तो म्हणाला, ताई, मुलं असताना बहीण वारस होत नाही, तुम्हाला आता हे मी सांगायला पाहिजे का? आत्ती तेव्हा तिथंच त्याच्यासाठी चहा गाळत होती.

भाऊ फौजेत परत जाण्याआधी संमतीचा कागद लिहून देऊन गेला. मी पुन्हा अर्ज केला. या वेळी लिंबाखालच्या माणसाकडून, चांगला गुळगुळीत. तरी दहा महिने गेले. मग मला बोलावणं आलं. कारकून नवे होते, तरुण, घाईत नव्हते. त्यांनी जुनी फाईल काढून ठेवली होती. त्यात खूण घालून ठेवलेलं पान उघडून त्यांनी माझ्यापुढं फिरवलं.

“या बाईंचा जमिनीशी मजुरीखेरीज संबंध नाही, नव्हता, असं त्यांनीच लिहून दिलंय. मग त्यांना बक्षीस द्यायला परवानगी कुठल्या कारणावर मागायची, तुम्हीच सांगा.”

मी म्हटलं, तो जबाब खरा नाही.

“खोटा जबाब? सरकारी अधिकाऱ्यापुढं?” ते धमकावत नव्हते. त्यांना माझी काळजीच वाटली असावी. “तसं म्हणू नका. तसं म्हटलं तर जुनी नोटीस पुन्हा उघडेल, आणि त्या बाईंवरही काही होईल. कुणी लिहिलाय हा?”

“मी,” मी म्हटलं.

मी बाहेर आले आणि त्याच बाकावर बसले. मला रडू आलं नाही. आता पुन्हा इथं यायचं नाही, एवढंच मनात आलं आणि हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला पुढं कित्येक वर्षं लाज वाटली. आत्तीला जाऊन सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे, बाय. दमलीयास तू.”

त्याच थंडीत मी दोन दिवसांसाठी गावी गेले होते. शाळू पोटरीत आला होता, कणसं अजून बाहेर पडायची होती. निघायच्या दिवशी आत्तीबरोबर रानात गेले, नुसतीच. मी इस्त्रीची साडी नेसले होते, काखेत पर्स, पायात सांगलीच्या चपला. आत्ती कंबरेइतक्या पिकात वाकून काहीतरी उपटत होती. तलाठी पीकपाहणीला आला. तो जुना भला तलाठी बदलून गेला होता, हा नवा पोरगेलासा होता, आम्हाला न ओळखणारा. बांधावर उभा राहून त्यानं वही उघडली आणि पिकाकडं बघून विचारलं, “शाळू कुणाचा? कोण कसतं हे रान?”

मी तोंड उघडलं होतं. मी खरं सांगणार होते, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

आत्ती सरळ झाली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडं हात केला.

“ह्या कसत्यात, सायब. ह्यांचं रान हाय. म्या रोजानं येती.”

मला ती जन्मात कधी ‘ह्या’ म्हणाली नव्हती. तलाठ्यानं माझ्या साडीकडं एकदा बघितलं, नाव विचारलं, ते कसणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं आणि त्याच्यापुढं लिहिलं, खुद्द. मग वही मिटून तो शेजारच्या बांधाकडं गेला. आत्ती पुन्हा पिकात वाकली. माझी चारची गाडी होती.